हॅगथॉर्पचा सूर

पहिल्या चार मात्रांतच एव्हिस ब्रॅमलला कळलं, की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते मात्र लगेच ध्यानात येईना. ती डोळे मिटून सोफ्यावर बसली होती आणि समोरच्या कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधून तिचा तरुणपणीचा आवाज येणार होता.

गाण्याचं नाव 'पहाटपाळी'. तिच्या गावच्या, यॉर्कशरमधल्या हॅगथॉर्पच्या, खाणकामगारांच्या बँडबरोबर १९७२ साली रेकॉर्ड केलेलं. सुरुवातीला नुसती पितळी वाद्यं, चर्चमधल्या भजनासारखी संथ. मग ती एक लांब श्वास घेते आणि शब्दांवाचून वर चढत जाते. तो श्वास रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा तिच्या स्वतःच्या बँडमधला गिटारवाला ऑब्री तो कापून टाकणार होता, पण ड्रमवाल्या मर्विनने हट्टाने ठेवायला लावला. पन्नास वर्षांत एव्हिसने ते गाणं हजारदा तरी ऐकलं असेल. श्वास कुठे येतो ते तिच्या बरगड्यांना पाठ होतं.

आज तिच्या बरगड्या फुगल्या, आणि श्वास आलाच नाही. आला तो किंचित उशिरा, एखादा दमलेला माणूस जिना चढून यावा तसा. त्यामागून आवाज आला. गोल, भरलेला, शांत.

गाणं संपेपर्यंत ती काही बोलली नाही. नियमच तसा होता.

"काय सुंदर!" रेकॉर्ड कंपनीची इमोजेन म्हणाली. तिशीची, हुशार, कामाला वाघ अशी मुलगी. हे सगळं तिनेच जुळवून आणलं होतं. "अंगावर काटा आला."

"ही कोण गातेय?" एव्हिसने विचारलं.

इमोजेन हसली. "तुम्हीच की!"

"मी नाही. ही कुणीतरी पोटभर जेवून, दुपारची झोप काढून गायला बसलेली बाई आहे. मी त्या दिवशी सकाळपासून उपाशी होते."

खिडकीशी बसलेला ऑब्री कार्स्टेअर्स मोठ्याने हसला. शहात्तर वर्षांचा, रुपेरी केस मानेपर्यंत, घरातही गळ्याभोवती निळा रुमाल. "पाहिलंस इमोजेन? मी म्हटलं नव्हतं? पहिल्या घोटालाच हिला चहा कडू लागणार. एव्ही, तीस वर्षांनी भेटतोय आपण, निदान बिस्किट तरी खा आधी."

"बिस्किटाचं नंतर बघू. गाण्याला काय केलंस?"

"नीट केलं," ऑब्री म्हणाला. "शेवटी एकदाचं."

*

'सॉल्ट कमिटी' हे नावच मुळी चेष्टेतून पडलं होतं. लीड्सच्या कला महाविद्यालयातल्या कँटीनमध्ये १९७० साली तिघं जण मिठाची बाटली मध्ये ठेवून बसली आणि त्यांनी बँड काढायचा ठराव केला. ऑब्री गिटार वाजवायचा. त्याचे वडील राजदूत होते, आणि त्याचं बोलणं ऐकलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं समोरच्याला वाटायचं. मर्विन प्यू हा वेल्सचा. ड्रम वाजवायचा आणि कुंभारकाम शिकायचा. एव्हिस खाणकामगाराची मुलगी, चित्रकलेची शिष्यवृत्ती मिळवून आलेली. ती गाते हे त्या दोघांना कळलं तेसुद्धा ती ब्रश धुताना गुणगुणत होती म्हणून.

नियम ऑब्रीनेच काढला. बँडचं काहीही बाहेर जाण्याआधी हयात असलेल्या सगळ्या सभासदांनी एका खोलीत बसून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं, आणि मग हात वर करायचे. एक जरी हात खाली राहिला तरी ते बाहेर जाणार नाही. वकिलाने हसत हसत हे कलम करारात घातलं आणि ते तिथेच राहिलं. रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, विकल्या गेल्या, पण कलम काही कुणी काढलं नाही.

या नियमाबद्दल एव्हिसला एक गोष्ट ठाऊक होती, जी ती कधी कुणाशी बोलली नव्हती. तिचा हात नेहमी शेवटी वर जायचा, पण जायचा. तिच्या दोन ओळी ऑब्रीने बदलल्या, तेव्हा गेला. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तिचा चेहरा चुन्याने रंगवून, डोळे झाकून छापला, तेव्हाही गेला. सगळे तिच्याकडे वळून बघायचे आणि वाट बघायचे. त्या बघण्यात 'आता तू अडवणार का?' असा प्रश्न असायचा, आणि खाणवस्तीतल्या मुलीला अडवणारी म्हणवून घ्यायचं नव्हतं.

चार रेकॉर्ड झाल्या. टीव्हीवर ती गावच्या प्रार्थनाघराच्या जुन्या पडद्यांचा झगा घालून गायली, आणि दुसऱ्या दिवशी हॅगथॉर्पच्या खाटकाने तिच्या आईला विचारलं, "पडदे परत आणून देणार ना ती?" वर्तमानपत्रांनी तिच्या आवाजावर रकाने भरले. १९७७ मध्ये ऑब्री कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे इतरांच्या रेकॉर्ड करून मोठा झाला. एव्हिसने एकटीने दोन रेकॉर्ड काढल्या. पुढे चौऱ्याऐंशीचा खाणकामगारांचा संप आला. वर्षभर ती संपकऱ्यांना जेवू घालणाऱ्या स्वयंपाकघरांना पैसे मिळावेत म्हणून गावोगावच्या हॉलमधून गात फिरली. कंपनीने "जरा शांत राहा" असं सुचवलं. ती राहिली नाही. मग कंपनीच शांत झाली, आणि तिचा फोन पुन्हा वाजला नाही. तेव्हापासून आजतागायत ती बार्न्सलीत संध्याकाळच्या वर्गात प्रौढांना गाणं शिकवत आली होती. तिच्या जुन्या रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या.

आता त्या सगळ्या एका पेटीतून, एकत्र संच म्हणून, पुन्हा निघणार होत्या. मर्विनचीच इच्छा होती ती, आणि मर्विन या वसंतात गेला. पेटी निघेल त्याच महिन्यात ऑब्रीचं आठवणींचं जाडजूड पुस्तक येणार होतं. म्हणून हयात असलेले दोघे आज लंडनमधल्या या खोलीत बसले होते, आणि यंत्रांपाशी क्वेसी होता. जुन्या टेप साफ करून नव्याने घडवणं हे क्वेसी आम्पोन्साचं काम. चाळिशीचा, मोजकं बोलणारा. आल्यापासून त्याने एव्हिसच्या नजरेला नजर दिली नव्हती. ते लाजेपोटी असेल, असं तिला वाटलं होतं.

*

"ते गाणं कुठल्याच पट्टीत नव्हतं," ऑब्री इमोजेनला समजावत होता, पण रोख एव्हिसकडे होता. "पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधली फट असते ना, त्या फटीत अडकलेलं. कारण त्या दिवशी टेपचं यंत्र मंद चाललं होतं. मंद यंत्रावर भरलेलं धड चालणाऱ्या यंत्रावर लावलं की सगळं चढं ऐकू येतं. जगाला माहीत आहे हे."

"जगाला तूच सांगितलंस. प्रत्येक मुलाखतीत."

"कारण खरं आहे म्हणून. आता वेग थोडा उतरवून गाणं नीट पट्टीत बसवलंय. आवाज बघ कसा भारदस्त झालाय! तेव्हा तू कशी, कोणी शेपटीवर पाय दिलेल्या मांजरीसारखी..."

"यंत्र ठीक होतं," एव्हिस म्हणाली. "बँडच चढा होता."

इमोजेनला कळलं नाही. एव्हिसने तिच्याकडे वळून सांगितलं, कारण ऑब्रीला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला ते त्याच दिवशी सांगितलेलं होतं.

"पितळी बँडचा जुना सूर वेगळा असायचा, पोरी. बाकीच्या जगापेक्षा चढा, जवळजवळ अर्ध्या पट्टीने. माझ्या आजोबांच्या आधीपासून. भोंग्याची नळी जेवढी आखूड, तेवढा सूर वर. सगळ्या बँडांची वाद्यं त्या मापाचीच बनायची. मग कारखान्यांनी ठरवलं, जगाच्या सुरात यायचं, आणि जुन्या मापाची वाद्यं बनवणं बंद केलं. ज्या बँडांपाशी ऐपत होती त्यांनी नवी घेतली. हॅगथॉर्पपाशी नव्हती. आमच्याकडे त्र्याहत्तरपर्यंत जुनीच होती. हे गाणं त्याच्या आदल्या वर्षीचं."

"मग त्या वाद्यांचं काय झालं?"

"नळ्या कापून मध्ये तुकडे जोडले. सूर उतरला. वाद्यं तीच, पण आवाज तो नाही. आता खाण नाही, तो हॉल नाही, त्या वाजवणाऱ्यांतलं कुणी उरलेलं नाही. माझा बाप नाही. त्यांचा सूर ऐकायचा तर या एका टेपवर." तिने स्पीकरकडे बोट केलं. "आणि तो यांनी खाली ओढलाय."

"आठवणी," ऑब्री छताकडे बघत म्हणाला. "आठवणींना कुठे पट्टी असते?"

*

एव्हिसला तो दिवस पक्का आठवत होता; ऑब्री मात्र खरोखरच विसरलाय, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

फेब्रुवारी होता. खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमधल्या शेगड्या पहाटेपासून पेटवल्या होत्या तरी तोंडातून वाफ निघत होती. पितळ गार असलं की सूर उतरतो, म्हणून वाजवणाऱ्यांनी वाद्यं कोटाच्या आत छातीशी धरली होती, थंडीत बाया तान्ही पोरं धरतात तशी. निम्मे जण रात्रपाळी करून, अंघोळ करून थेट आले होते. एव्हिसचा बाप, एनॉक ब्रॅमल, पुढे उभा होता. तो युफोनियम हे खर्जातलं पितळी वाद्य वाजवायचा आणि बँडही चालवायचा.

ऑब्रीने गिटारचा सूर दिला. बँडने आपला दिला. दोघांमध्ये अशी काही फट पडली की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही तोंडं वाकडी केली.

"जरा खाली घेता का सगळे?" ऑब्री म्हणाला.

"काय खाली घेऊ?" एनॉक म्हणाला.

"सूर."

एनॉकने हातातल्या वाद्याकडे पाहिलं, मग ऑब्रीकडे. "साहेब, हे कारखान्यातून जन्मलंय तसंच मरणार. नळी काय रबराची आहे, ओढून लांब करायला? तुमच्या तारा तेवढ्या पिळता येतात. पिळा."

बँडमध्ये हशा उसळला. ऑब्री तारा पिळू लागला. पिळता पिळता सर्वांत बारीक तार तटकन तुटली आणि त्याच्या गालावर सपकन बसली. त्या वेळी जो हशा झाला त्याने खिडक्यांची तावदानं हलली. ट्रॉम्बोनवाला तर रडेपर्यंत हसला. एनॉकही हसला. मग त्याने खिशातला रुमाल काढून ऑब्रीच्या गालाला लावला, डब्यातला मांस भरलेल्या पेस्ट्रीचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "खा पोरा. आमच्यात आलास ना, आता आमच्या सुरात वाजव."

ऑब्रीने नवी तार लावली, गिटार चढवली आणि वाजवली. उत्तम वाजवली, हेही खरंच. मग एव्हिस त्या चढ्या सुरात गायली. तो सूर तिच्या गळ्याच्या अगदी कडेला होता. वरच्या टोकाला पोचताना आवाज फाटेल की राहील हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. फाटला नाही, पण फाटणार होता, हे ऐकू येतं. त्या गाण्यात ऐकण्यासारखं जे काही होतं, ते तेवढंच होतं.

आणि आता सूर उतरवल्यावर ती कडाच नाहीशी झाली होती. सपाट रस्त्यावरून चालत गेल्यासारखी ती बाई वर पोचत होती.

*

"क्वेसी," एव्हिस म्हणाली. "हे आठवणींवर सोडायला नको. यंत्र त्या दिवशी नीट चाललं होतं की नाही, हे टेपवरून कळण्याचा काही मार्ग आहे?"

क्वेसीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आहे," तो म्हणाला.

"क्वेसी, आपण आता तांत्रिक गोष्टींत..." ऑब्री म्हणाला.

"थांब रे," एव्हिस ऑब्रीला म्हणाली. "आहे ना, क्वेसी? मग सांग."

"गाणं सुरू व्हायच्या आधी थोडी शांतता आहे," क्वेसी म्हणाला. "पण ती पूर्ण शांतता नाही. मागे एक बारीक गुणगुण आहे, विजेची. जुन्या अॅम्प्लिफायरमधून ती यायचीच. आपल्या देशातली वीज सेकंदाला पन्नासदा थरथरते. तेव्हाही तेवढीच, आजही तेवढीच. अगदी किंचित मागेपुढे होते, जास्त नाही. समजा यंत्र मंद चाललं असतं, तर बँडबरोबर ती गुणगुणही चढली असती. यंत्राला काय माहीत, कुठला आवाज बँडचा आणि कुठला विजेचा?"

"आणि टेपवर ती किती आहे?"

"मूळ टेपवर पन्नास. आपण आत्ता ऐकलं त्यात साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास." त्याने मान खाली घातली. "यंत्र नीट होतं, मिस ब्रॅमल. बँडच चढा होता."

इमोजेन कागद चाळायची थांबली. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

क्वेसीने ऑब्रीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसा.

एव्हिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतापर्यंत तिला वाटत होतं, की हा मूर्ख आहे. मूर्खपणावर चिडता येतं, पण त्याची कीवही करता येते. पन्नास वर्षं तो टेपयंत्राला दोष देत आला आणि ती प्रत्येक वेळी गप्प बसली, कारण तिला वाटायचं, बिचाऱ्याला खरंच तसं वाटतं.

"याने तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"फोनवर काहीतरी म्हणाला होता. विजेबद्दल."

"आणि तू?"

"मी म्हटलं, कानाला बरं वाटतं ते ठेव." ऑब्रीने गळ्यातला रुमाल सैल केला. "हे बघ एव्ही, कारण काहीही असो. ऐकणाऱ्याला कारणाशी काय करायचंय? आज कुणी हे गाणं लावलं आणि त्यानंतर दुसरं कुठलंही लावलं, तर हे बेसूर वाटतं. बेसूरच!"

"तुला तेव्हापासूनच माहीत होतं, नाही का? यंत्राबद्दल बोलत होतास तेव्हाही."

"मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो."

"मी ते विचारलं नाही."

"हो!" तो एकदम ओरडला. त्याचा तो घासूनपुसून लख्ख केलेला उच्चार क्षणभर फुटला. "हो, माहीत होतं. काय सांगायचं होतं मी मुलाखत घेणाऱ्यांना? की बावीस कोळसेवाले मला हसले? की तुझ्या बापाने मला भर हॉलमध्ये माकड केलं? गाल कापला होता माझा. रक्त येत होतं, आणि ते हसत होते!"

"माझ्या बापाने तुझं रक्त पुसलं."

"हसत हसत पुसलं."

"मग? तू त्यांच्या घरात येऊन त्यांना म्हणालास, तुमचं घर जरा खाली घ्या. हसणार नाहीत तर काय, टाळ्या वाजवतील?" ती उठून उभी राहिली. गुडघा दुखत होता, तरी राहिली. "ते मेले, ऑब्री. एकेक करून मेले, निम्मे फुप्फुसात धूळ साचून. आणि तू वाट बघत बसलास. सगळे मेल्यावर गुपचूप एक बटण फिरवलंस आणि त्या बावीस माणसांना आपल्या सुरात आणलंस. त्या दिवशी जमलं नाही ते आज केलंस. त्यांच्याबरोबर मलाही ओढलंस, कारण मी त्यांच्यातली."

ऑब्री खिडकीबाहेर बघू लागला. खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आणि निघून गेल्याचा आवाज आला.

*

मार्ग काढला तो इमोजेननेच. तिचं कामच ते होतं, आणि ती वाईट नव्हती.

"दोन्ही ठेवू," ती म्हणाली. "मुख्य रेकॉर्डवर हे नवं. आणि शेवटच्या तबकडीवर, जादाच्या गाण्यांत, मूळचं. त्यासोबत तुम्ही जुन्या सुराबद्दल चार ओळी लिहा, एव्हिस. लोकांना आवडतं असं काही."

"हे उत्तम," ऑब्री लगेच म्हणाला. त्याला श्वास परत सापडला होता. "अगदी न्याय्य. कुणाचंच काही जात नाही."

सगळे एव्हिसकडे बघू लागले. इमोजेन आशेने, क्वेसी काळजीने, ऑब्री सवयीने. तिला ते बघणं ओळखीचं होतं. 'आता तू अडवणार का?'

तिला हे शहाणपणाचं वाटलंही. पंच्याहत्तरी गाठायला आलेल्या बाईला आणखी काय हवं? पेटी निघेल. मर्विनची इच्छा पुरी होईल. ज्यांना कळायचं त्यांना शेवटच्या तबकडीवर कळेल. आणि मग तिला दिसलं, 'पहाटपाळी' म्हणून लोक जे ऐकतील, रेडिओवर जे लागेल, कुणाच्या अंत्यविधीला जे वाजेल, ते हे असेल. हीच एव्हिस ब्रॅमल. आणि तिचा बाप मागे, अडगळीत, जादाच्या गाण्यांत.

"मत घेऊ," ऑब्री म्हणाला आणि त्याने हात वर केला.

एव्हिस पुन्हा बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"एव्ही."

तिने हात मांडीवरून हलवले नाहीत.

"एव्ही, मर्विनला काय सांगशील?"

"मर्विन मेला. त्याला काही सांगायची सोय नाही. आणि तो असता तर त्याने ड्रमची काठी फेकून मारली असती तुला. त्याचा नेम चांगला होता."

"पेटी निघणार नाही हं अशाने. सगळीच्या सगळी. चारही रेकॉर्ड."

"नको निघू दे."

"तुझीही गाणी आहेत त्यात."

"म्हणूनच."

ऑब्रीचा हात वरच होता. त्याने तो खाली घेतला नाही. चोपन्न वर्षांत असं कधी झालंच नव्हतं. हात वर केल्यावर तिचा येईपर्यंत थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मनगटावरची बाही घसरून कोपरापर्यंत आली, आणि आतलं बारीक, ठिपकेदार मनगट दिसलं. इमोजेनने नजर वळवली. एव्हिसने वळवली नाही.

"हात दुखेल," ती म्हणाली. "खाली घे."

त्याने घेतला. मग उठून कोट चढवला आणि दारापर्यंत गेला. "ठीक आहे," तो दाराच्या मुठीला म्हणाला. "ठीक आहे. कळू दे लोकांना, कुणी अडवलं ते."

"सांग ना. पुस्तकात लिही. कुणी अडवलं आणि का, दोन्ही लिही."

मूठ फिरली नाही. पुस्तक छापून तयार होतं; त्याच्या मागच्या पानावर पेटीची जाहिरात होती, आणि ऑब्रीचा सगळा शरद ऋतू त्या पेटीभोवती बांधलेला होता. व्याख्यानं, दोन कार्यक्रम, टीव्हीवरची मुलाखत. एव्हिसला यातलं काहीच नव्हतं. तिला बार्न्सलीची गाडी होती आणि उद्याचा गाण्याचा वर्ग. गमावण्यासारखं जवळ काही नसण्याचा एवढा उपयोग होतो, हे तिला कुणी आधी सांगायला हवं होतं.

"मूळचं ठेव," ऑब्री म्हणाला. क्वेसीला, की दाराला, कळलं नाही. "मुख्य रेकॉर्डवर. हे नवं पुसून टाक. झालं? मी बाहेर सिगरेट ओढतो."

"नियम काय आहे?" एव्हिस म्हणाली.

तो वळला.

"एका खोलीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तूच केलास. बस."

"मी ते हजारदा ऐकलंय."

"एकदा आणखी. बस, ऑब्री."

तो कोटासकट बसला. क्वेसीने दोन-तीन बटणं दाबली, या वेळी भराभर. ती बारीक गुणगुण आली. क्वेसीने सांगितलं नसतं तर कुणाला कळलीही नसती. मग बँड आला. गार हॉल, गरम पितळ. सूर जरा जास्तच वर, जरा जास्तच धीट, सगळ्या जगाशी फटकून वागणारा आणि आपापसांत मात्र केसाचाही फरक नसलेला. युफोनियम खालून सगळ्यांना उचलून धरत होतं. एव्हिसच्या बरगड्या फुगल्या, आणि श्वास नेमका तिथेच आला.

ती स्पीकरकडे बघत नव्हती. ती ऑब्रीकडे बघत होती, पूर्ण गाणंभर. वरच्या टोकाला आवाज फाटायच्या बेतात आला तेव्हा त्याने डोळे मिटले. तिने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, ऐक. त्याच्याबद्दल तिला कणव येईल असं तिला क्षणभर वाटलं होतं. आली नाही. कणव तिने पन्नास वर्षं आगाऊ देऊन टाकली होती.

गाणं संपलं. एव्हिसने हात वर केला. खांद्यापासून सरळ. आयुष्यात प्रथमच तिचा हात आधी गेला होता.

ऑब्रीने हात छातीपर्यंत आणला, वेटरला बिल मागावं तसा.

"कोपर सरळ," एव्हिस म्हणाली.

"एव्ही, आता पुरे."

"कोपर सरळ कर, ऑब्री. या मुलीला नीट दिसायला हवं."

त्याने कोपर सरळ केलं. इमोजेनने लिहून घेतलं. तिने लिहून पेन बंद करेपर्यंत एव्हिसने आपला हात खाली घेतला नाही, आणि म्हणून त्यालाही घेता आला नाही.

मग तिने चहाचा कप पुढे ओढला. गार झाला होता, तसाच प्यायली.

"आता पुढचं गाणं लाव, क्वेसी," ती म्हणाली. "आणि आधी मूळचं लाव. सगळ्यांचंच आधी मूळचं लाव. यांनी आणखी काय काय नीट केलंय, ते ऐकू दे मला."